पडीक कोण म्हणतं?

काटेवाडीचं नाव निघालं की लोक लगेच राजकारणावर घसरतात. आज तो विषय नको :) मला त्या गावाची दुसरी ओळख जास्त आवडते, ती म्हणजे मेंढ्यांचं रिंगण. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून पुढे काटेवाडीत येते. परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मग धनगर आपल्या मेंढ्या पालखीभोवती पळवतात. टीव्हीवर तुम्हीही पाहिलं असेल.

माझा प्रश्न साधा होता. आजूबाजूला नजर जाईल तिथे ऊस, मग इथे मान मेंढ्यांचा कसा?

उत्तर असं की ऊस इथे नवखा आहे. नीरेचा डावा कालवा आला 1885 मध्ये. त्याआधी बारामती-इंदापूर म्हणजे कमी पावसाचा, गवताचा आणि हिवर-बाभळीचा माळ. त्यावर जगणारा माणूस म्हणजे मेंढपाळ.

या माळाबद्दल आपल्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवलेली असते: इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, ते तोडलं, उरलेलं शेळ्यामेंढ्यांनी फस्त केलं. इंग्रजांच्या दफ्तरात ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती 'पडीक'. पुढे 1878 च्या वन कायद्याने जंगलाबरोबर गायरानंही सरकारी कुंपणात जाऊ लागली. जोतीराव फुल्यांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये यावर सडकून टीका केली आहे. पण 'पडीक' हा शब्द काही गेला नाही. इंग्रज गेले, रकाना राहिला!

2025 मध्ये दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर यांचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. त्यांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी साहित्य, ओव्या, लोकगीतं चाळली आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या रानवनस्पतींचे उल्लेख वेचले. एकूण 44 जाती निघाल्या, त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश उघड्या माळावरच्या. म्हणजे निदान साडेसातशे वर्षं तरी हा माळ माळच आहे. जंगल बिघडून झालेला नाही.

आता मेंढीचा मुद्दा. चराई वाईट की चांगली, असं विचारणंच चूक आहे. किती, कधी आणि किती दिवस, हे विचारायला हवं. चराई पूर्ण थांबली तर उंच गवत माजतं, वाळलेला थर साचतो आणि खालच्या बुटक्या फुलझाडांना ऊनच मिळत नाही. उलट कळप एकाच जागी बसून राहिला तर मारवेल, पवन्यासारखी गोड गवतं खुडून खुडून संपतात आणि मेंढी तोंड लावत नाही ते तरवड तेवढं टिकतं. झाडांची विविधता टिकते ती या दोन टोकांच्या मधे.

हा 'मधला' हिशोब धनगरांच्या चालण्यात आपोआप बसला होता. पावसाळ्यात वाडा इकडे, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात, पावसाच्या तोंडावर परत. वाटेत शेतकरी खतासाठी मेंढ्या शेतात बसवून घ्यायचे, अजूनही घेतात. कळप कुठेच फार दिवस थांबत नाही. लोकरीत अडकून गवताचं बी पुढच्या माळावर जातं ते वेगळंच.

डोंगरावर हीच चर्चा कास पठाराबद्दल झाली. 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं, गुरं बंद झाली, कुंपण आलं. नंतर फुलं कमी होतायत अशी ओरड सुरू झाली. चराईबंदी हेही त्याचं एक कारण असावं, असं म्हणणारे स्थानिक लोक आणि अभ्यासक दोन्ही आहेत. (पर्यटकांची गर्दी हे दुसरं.)

मग बारामतीकडचा माळ खाल्ला कोणी? आधी नांगराने. कालव्याखालची जमीन उसात गेली आणि उरलेल्या तुकड्यांवर तेवढीच जनावरं दाटली. ते तुकडे उघडे पडले की बोट दाखवायचं मेंढीकडे! त्यानंतर खाल्ला वृक्षारोपणाने. गिरिपुष्प, सुबाभूळ लावून 'हिरवं' केलेल्या माळात खालचं गवत सावलीत मरतं. एकदा नांगरलेल्या किंवा झाडं लावलेल्या जागी जुन्या माळातल्या वनस्पती सहजी परत येत नाहीत, हे महाराष्ट्रातल्याच पाहणीत दिसलं आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप न घेता केलेलं फॉरमॅट. सुप्याजवळ 1997 मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झालं, चिंकारांसाठी. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. बाकीच्या माळाला वाली कोण?

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे जून आला की आयटीवाल्यांच्या मेलबॉक्समध्ये 'चला, उजाड माळ हिरवा करू' अशी आमंत्रणं येतात. हेतू चांगलाच असतो. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, फक्त खड्डा खणण्याआधी गावातल्या एखाद्या मेंढपाळाला विचारा, "मामा, पाऊस पडल्यावर इथं काय काय उगवतं?" त्यांनी दहा गवतांची नावं घेतली तर रोपं परत गाडीत ठेवा.