उचलून समोर ठेवणारे हात

‘बॅटल सिटी’ हा रणगाड्यांचा खेळ नामको कंपनीने १९८५ साली जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी काढला. या यंत्राचा जो अवतार अमेरिकेत विकला गेला, त्यासाठी तो आलाच नाही. आपल्याकडे मात्र नव्वदच्या दशकात ज्या घरांत टीव्हीला व्हिडिओ गेम जोडला जाई, तिथे विटांच्या भिंती फोडत गरुडाची राखण करण्याचा हा ‘टँक’ मारिओ आणि काँट्राच्या बरोबरीने खेळला गेला. भारतीय मुलांची आवड जपानी मुलांशी जुळली म्हणून हे घडले नाही. फॅमिकॉमच्या नकला करणाऱ्या पूर्व आशियातल्या कारखानदारांनी ‘९९९९९९९ इन १’ असे बेधडक छापलेल्या कॅसेटींत तो घातला, म्हणून घडले. (आत खेळ मोजकेच, बाकी त्यांचीच उजळणी.) कोणाची परवानगी न घेता केलेली ही निवड एका पिढीची आवड घडवून गेली. म्हणून चांगला खेळ आपल्या गुणांवर लोकांपर्यंत पोचतोच, हा समज मला अर्धवट वाटतो. गुण लागतातच, पण त्याआधी कोणीतरी तो उचलून समोर ठेवावा लागतो. जिथे खेळ तयार होत नाहीत, फक्त येऊन पोचतात, अशा इंदूरसारख्या शहरात या छंदाचा इतिहास हा मुख्यतः अशा हातांचा इतिहास आहे.

कॅसेटनंतर सीडी आली. परदेशात तोवर लहान कंपन्यांची एक रीत रुळली होती: पहिला भाग फुकट वाटायचा, आवडला तर पुढचे भाग पैसे देऊन मागवायचे. आयडी सॉफ्टवेअरचा ‘डूम’ डिसेंबर १९९३ मध्ये असाच पसरला. या रीतीला फाइल पोचवणारी वाट लागते आणि पैसे धाडायची सोय लागते. टेलिफोनच्या तारेवरचे रखडते इंटरनेट आणि डॉलरमध्ये पैसे भरणारे दुर्मीळ क्रेडिट कार्ड, यामुळे आपल्याकडे दोन्हींची वानवा होती. त्यातली वाट काही प्रमाणात संगणकविषयक नियतकालिकांनी काढली. ‘चिप’ आणि २००१ पासून तिच्या जागी आलेले ‘डिजिट’ यांच्या अंकासोबत सीडी मिळे, आणि तिच्यात उपयोगी सॉफ्टवेअरच्या जोडीने खेळांचे नमुने आणि फुकट खेळ असत. ते कोणा संपादकाने निवडलेले असत, हे महत्त्वाचे. नकली सीडी विकणाऱ्याला अशी निवड परवडत नव्हती. कोट्यवधी डॉलरचा खेळ आणि दोघा मित्रांनी केलेला खेळ एकाच किमतीला मिळणार असतील, तर लहान खेळाचा स्वस्तपणा हा हुकमी एक्का बादच होतो. चोरट्या बाजाराने आपल्याला खेळ दिले, असे कौतुकाने म्हटले जाते. ते खरे आहे. पण कॅसेटीच्या काळातला सुखद अपघात सीडीच्या काळात क्वचितच झाला. मिळाले ते बहुतेक आधीच जगभर गाजलेले.

पुढे दुकानच घरात आले. संगणकावरील खेळांच्या ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात नोव्हेंबर २०१५ पासून रुपयांत खरेदी करता येऊ लागली, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला, आणि २०१७ पासून शंभर डॉलर भरून कोणालाही स्टीमवर आपला खेळ मांडता येऊ लागला. २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून अधिक खेळ आले, म्हणजे दिवसाला सुमारे पन्नास. आता निवड यंत्रच करते, मग मधल्या माणसाची गरज काय, असे कोणी विचारील. पण खपलेले आणखी खपवण्यात यंत्र पटाईत आहे. न खपलेल्यातले चांगले ओळखणे त्याला जड जाते. स्टीमलाही २०१४ साली माणसांच्या शिफारशींसाठी ‘क्युरेटर’ ही सोय करावी लागली. ‘अमंग अस’ हा तिघाचौघांनी केलेला खेळ जून २०१८ मध्ये बाजारात आला आणि दोन वर्षे जवळजवळ पडून राहिला. २०२० च्या टाळेबंदीत काही नामवंतांनी तो लोकांसमोर खेळून दाखवला आणि तो घराघरांत पोचला. खेळ मुळात तोच होता.

मराठी मुलखातले उदाहरण आणखी बोलके आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान चमूने ‘राजी’ हा खेळ केला. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैली, छायाबाहुल्या असा त्याचा थाट. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसला. ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डोने आपल्या जाहीर कार्यक्रमात तो दाखवला आणि त्याच दिवशी स्विच यंत्रावर उपलब्ध केला. वर्षअखेरीस ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. गंमत अशी की स्विच भारतात अधिकृतपणे विकलेच जात नव्हते. पुण्यात घडलेल्या खेळाची ओळख आपल्याला परदेशी कंपनीने, आपल्या बाजारात नसलेल्या यंत्रावरून करून दिली. गोव्यातल्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हच्या ‘फरगॉटन फील्ड्स’ (२०२१) या खेळाला तेवढीही खिडकी मिळाली नाही.

इंदूरच्या मराठी माणसाला ही अडचण नवी नाही, आणि तिच्यावरचा उपायही नवा नाही. मुंबईपासून सुमारे सहाशे किलोमीटरवर नवे नाटक आपसूक येत नाही. म्हणून ‘सानंद’सारखी संस्था ते निवडते, आणते, आणि सभासदांच्या गटांसाठी त्याचे प्रयोग लावते. प्रेक्षक नाटकाइतकाच संस्थेच्या पारखीवरही विसंबतो. निवडणारे शेवटी गाजलेलेच निवडतात, हा आक्षेप अशा प्रत्येक व्यवस्थेवर घेता येतो आणि तो पुष्कळदा खराही असतो. पण त्यावर उतारा म्हणजे निवडणारे वाढवणे, निवड यंत्रावर सोपवणे नव्हे. फुकटचे मोबाइल गेम सोडून पैसे देऊन लहान खेळ घेणार कोण, हा प्रश्नही उरतो. बरेच जण घेणार नाहीत, हे मान्य. पण ज्याच्यापर्यंत नावच पोचले नाही, त्याने नकार दिला असे कसे म्हणायचे? दिवाळी अंकांनी पुस्तक परीक्षणांशेजारी दोन पाने लहान खेळांना द्यावीत. लिहिणाऱ्याने खेळ शेवटपर्यंत खेळलेला असावा. त्याची किंमत किती, तो साध्या संगणकावर चालतो का आणि इंग्रजी कितपत लागते, हे त्याने स्वच्छ सांगावे. सुरुवात ‘राजी’ आणि ‘फरगॉटन फील्ड्स’पासून करता येईल.