दूरचित्रवाणीतील दृश्ययुक्त्या, संगणकपूर्व
प्रत्यक्षात न घडणारा, किंवा घडवून आणणे धोक्याचे वा अतिखर्चाचे ठरेल असा प्रसंग लहान प्रतिकृती, यांत्रिक रचना, स्फोटके व कॅमेऱ्याच्या करामती यांच्या साहाय्याने पडद्यावर दाखविण्याचे तंत्र. संगणकनिर्मित चित्रे मालिकांत रूढ होण्यापूर्वी, स्थूलमानाने १९५० ते १९९० या काळात, ब्रिटन व अमेरिका येथे ते विशेष विकसित झाले.

प्रारंभीची नाटके थेट प्रक्षेपित होत. त्यामुळे चूक सुधारण्यास वाव नसे. बीबीसीच्या द क्वाटरमास एक्सपेरिमेंट (१९५३) या मालिकेच्या शेवटी वेस्टमिन्स्टर ॲबीत एक अक्राळविक्राळ प्राणी दाखवावयाचा होता. लेखक नायजेल नील यांनी ॲबीच्या मोठ्या छायाचित्रास भोके पाडली आणि चामडे व वनस्पती चिकटविलेले हातमोजे घालून त्यांतून स्वतःचेच हात हालविले. पुढे बीबीसीत जॅक काइन व बर्नार्ड विल्की यांनी या कामाचा स्वतंत्र विभाग उभारला.

चित्रफितीवर मुद्रण होऊ लागल्यावर प्रतिकृतींचे महत्त्व वाढले. प्रतिकृती कितीही रेखीव असली, तरी ती कोसळताना खेळण्यासारखी भासते. कारण थोड्या उंचीवरून वस्तू लवकर खाली येते. पडण्याचा काळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने, मूळ वस्तूच्या पंचविसाव्या भागाएवढी प्रतिकृती पाचपट वेगाने, म्हणजे सेकंदास २४ ऐवजी १२० चित्रचौकटी घेऊन, चित्रित करावी लागते. मग तिला योग्य तो जडपणा येतो. पाणी व ज्वाला मात्र दाद देत नाहीत. थेंब लहान करता येत नाही.

या तंत्रावर डेरेक मेडिंग्ज यांचे असामान्य प्रभुत्व होते. इंग्लंडमधील स्लाव येथे जेरी व सिल्व्हिया अँडरसन यांच्या स्टिंगरे (१९६४) या मालिकेसाठी पाणबुडी कोरडीच टांगून, तिच्यापुढील अरुंद काचपेटीत लहान मासे व बुडबुडे सोडून समुद्रतळाचा भास निर्माण करण्यात आला. थंडरबर्ड्‌स (१९६५-६६) मध्ये विमान स्थिर ठेवून त्याखालील कापडी धावपट्टीच फिरविली जाई. नव्या प्रतिकृतींवर धूळ व काजळी मुद्दाम माखली जाई. या मालिकेतील बाहुल्यांच्या तारा स्पष्ट दिसत. यंत्रे मात्र खरी वाटत, आणि मालिकेचे मर्म त्यांतच होते. मेडिंग्ज यांना सुपरमॅन (१९७८) या चित्रपटासाठी ऑस्कर पुरस्कार विभागून मिळाला.

अमेरिकेत स्टार ट्रेक (१९६६-६९) मध्ये माणूस अदृश्य होतानाची चमक प्रकाशझोतात ॲल्युमिनियमची भुकटी उडवून साधली जाई. तेथेच बॅबिलॉन ५ (१९९३) पासून अवकाशयानांसाठी संगणकचित्रे वापरात आली व प्रतिकृतींच्या कार्यशाळा ओस पडू लागल्या. तथापि २०१५ मध्ये थंडरबर्ड्‌सच्या नव्या अवतारात पात्रे संगणकाने रेखाटली, पण देखाव्यांसाठी पुन्हा लहान प्रतिकृतीच उभारण्यात आल्या.