लाउटरपाख्ट, सर हर्श

लाउटरपाख्ट, सर हर्श : (१६ ऑगस्ट १८९७ – ८ मे १९६०). आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक व न्यायाधीश. राष्ट्राराष्ट्रांपुरत्या असलेल्या या कायद्यात एकट्या माणसाला स्थान मिळवून देणाऱ्यांत अग्रणी. जन्म ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गॅलिशिया प्रांतातील झोल्क्येव्ह (सध्याचे झोव्कवा, युक्रेन) येथे, ज्यू कुटुंबात. लेम्बर्ग (सध्याचे लव्हीव) विद्यापीठात कायदा शिकले. मात्र ज्यूंना दारे बंद झाल्याने तेथे शेवटची परीक्षा देता आली नाही. पुढे व्हिएन्नात विधिज्ञ हान्स केल्झेन यांच्याकडे अध्ययन केले. १९२३ मध्ये ते इंग्लंडला गेले. १९३८ ते १९५५ केंब्रिजमध्ये ह्यूएल अध्यासनाचे प्राध्यापक होते.

एखादे सरकार आपल्याच नागरिकांशी कसे वागते, हा त्या देशाचा घरचा मामला, असे तेव्हाचे बहुतेक विधिज्ञ मानत. लाउटरपाख्ट यांनी १९४५ च्या ‘ॲन इंटरनॅशनल बिल ऑफ द राइट्स ऑफ मॅन’ या ग्रंथात हक्कांची सनद कलमवार मांडून ही समजूत खोडून काढली. त्याच उन्हाळ्यात अमेरिकी अभियोक्ते रॉबर्ट जॅक्सन यांना त्यांनी ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ ही संज्ञा सुचवली आणि ती, नाझी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या न्यूरेंबर्ग न्यायाधिकरणाच्या सनदेच्या सहाव्या कलमात आली. तिची धार मात्र लवकरच बोथट झाली. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्या कलमातील एका अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम घालण्यात आला. त्यामुळे हे गुन्हे युद्धाशी जोडले गेले आणि १९३९ पूर्वीचे अत्याचार शिक्षेच्या कक्षेबाहेर राहिले. या खटल्यातील ब्रिटिश अभियोक्ते हार्टली शॉक्रॉस यांच्या भाषणांच्या बऱ्याच भागाचे मसुदे लाउटरपाख्ट यांनी लिहिले. आरोपींत नाझीव्याप्त पोलंडचा प्रशासक हान्स फ्रांक होता. त्याच्याच अंमलाखालील गॅलिशियात लाउटरपाख्ट यांचे आईवडील व बहुतेक आप्त मारले गेले होते. मसुद्यांत याचा उल्लेखही नाही.

वंशसंहाराची कल्पना मांडणारे राफाएल लेम्किन हेही लेम्बर्गचेच विद्यार्थी. तरी लाउटरपाख्ट यांना ती पटली नाही: गटाला गट म्हणून संरक्षण दिले, की गटागटांतील वैर अधिकच घट्ट होईल, अशी त्यांना भीती होती. नंतरचा इतिहास पाहता ही भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण एखाद्या समूहाला वेचून मारले जाते तेव्हा केवळ व्यक्तीच्या हक्कांची भाषा अपुरी पडते, हेही खरे.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे (१९४८) कौतुक चालू असताना, तो कायद्याने बंधनकारक नाही, अशी कडक टीका त्यांनी केली. ‘इंटरनॅशनल लॉ अँड ह्यूमन राइट्स’ (१९५०) हा त्यांचा या विषयावरील मुख्य ग्रंथ.

१९५५ पासून मृत्यूपर्यंत ते हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश होते. नॉर्वेच्या कर्जांसंबंधीच्या खटल्यात (१९५७) त्यांनी स्वतंत्र मत नोंदवले: न्यायालयाची अधिकारिता मान्य करताना, कोणती बाब आपल्या अंतर्गत कारभाराची हे आपणच ठरवू, अशी अट राष्ट्राने घातली, तर ती मान्यताच अवैध ठरते.