साबिना, मारिया

(१८९४–२२ नोव्हेंबर १९८५). दक्षिण मेक्सिकोतील ओआहाका राज्याच्या डोंगराळ भागात राहणाऱ्या मासातेक जमातीच्या वैदीण. वास्तव्य उआउत्ला दे हिमेनेस येथे. अक्षरओळख नव्हती, स्पॅनिश येत नव्हते. सायकेडेलिक अळंब्यांचा विषय निघाला की त्यांचे नाव येतेच; त्यांची खरी कर्तबगारी मात्र वाणीतली.

उपचाराच्या विधीला ‘वेलादा’ म्हणजे जागर म्हणतात. तो रात्री, दिवे मालवून चाले. सिलोसायबी वंशातील अळंबी जोडीजोडीने खात. साबिना त्यांना ‘पवित्र बाळे’ म्हणत. मग त्या तासन्‌तास गात. ‘मी अमुक करणारी बाई’ या धर्तीची ओळ, जराशी पालटून पुन्हा तीच, मध्येच टाळ्या, आणि ओळीअखेर ‘म्हणतात’ अशा अर्थाचे ‘त्सो’. बोल अळंब्यांचे, आपण त्यांचे तोंड, ही त्यामागची धारणा. एका रात्री आपल्याला ज्ञानाचा ग्रंथ दिसला आणि तो वाचताही आला, असे त्या सांगत. मासातेक भाषेत सुराच्या चढउतारावर अर्थ ठरतो, नुसत्या शिट्टीतूनही संभाषण होते. गाणे कुठे संपते आणि बोलणे कुठे सुरू होते, हे तिथे बाहेरच्याने ठरवू नये.

अमेरिकन बँकर आर. गॉर्डन वॉसन २९ जून १९५५ च्या रात्री या विधीला बसले. (ऋग्वेदातला सोम म्हणजे लाल टोपीचे एक अळंबे, हा १९६८ मधला वादग्रस्त दावा यांचाच.) मुलाच्या काळजीचे निमित्त पुढे करून त्यांनी प्रवेश मिळवला होता. ‘लाइफ’ साप्ताहिकातील लेखात (१३ मे १९५७) त्यांनी बाईंचे नाव बदलले, तरी पुढच्या दशकात हिप्पींची रीघ लागलीच. पाठोपाठ पोलीस आले. गावाचा रोष साबिनांवर निघाला, त्यांचे घर जाळले गेले.

स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट होफमान यांनी १९५८ मध्ये अळंब्यांतून सिलोसायबिन वेगळे केले आणि १९६२ मध्ये त्याच्या गोळ्या उआउत्लाला नेल्या. त्या घेऊन साबिनांनी रात्रभर विधी केला व गोळ्यांत अळंब्यांचाच गुण असल्याचा निर्वाळा दिला. सिलोसायबिनचा मेंदूतील सेरोटोनिनच्या ग्राहींवरील परिणाम संशोधकांना पुढे कळला. गाण्याकडे लक्ष वेधले ते हेन्री मन यांच्या १९७३ मधील निबंधाने: अळंबी नुसती दृश्ये दाखवत नाहीत, वाचा फोडतात, हे त्याचे प्रतिपादन.

मासातेक लेखक आल्वारो एस्त्रादा यांनी साबिनांचे आत्मकथन १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. परके आले तेव्हापासून बाळांची शक्ती गेली, असे त्या त्यात म्हणतात. त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या एका वैदूची तक्रार आणखी नेमकी आहे: अळंबी हल्ली इंग्रजी बोलतात, आम्हांला ती कळत नाहीत.