नकली चाक आणि खरा रस्ता

पैनगंगेच्या पलीकडे विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लहान मुले लाकडी बैलांना झूल घालून, चाकांवर ओढीत गावभर मिरवितात. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून चालत आलेल्या या प्रथेने शेतकऱ्याच्या मुलास बैलाची ओढ लागते, त्याला सजवावे कसे आणि जपावे कसे हे कळते. परंतु लाकडी बैल ओढणाऱ्या मुलाच्या हाती कोणताही बाप दुसऱ्या दिवशी औताचा कासरा देत नाही. नकलेने काय शिकता येते आणि काय शिकता येत नाही, हा भेद शेतकऱ्यास अनुभवाने ठाऊक असतो. हाच प्रश्न आज मोटारींच्या शर्यतीपुढे आणि साध्या वाहनशिक्षणापुढेही उभा आहे.

आदिलाबादहून निर्मल आणि कामारेड्डी या वाटेने सुमारे तीनशे किलोमीटर दक्षिणेस गेले की हैदराबाद लागते. तेथे हुसेनसागराच्या काठी 11 फेब्रुवारी 2023 रोजी विजेवर चालणाऱ्या मोटारींची फॉर्म्युला ई ही जागतिक शर्यत झाली. भारतातील ही त्या मालिकेची पहिलीच शर्यत होती. मार्ग 2.83 किलोमीटर लांबीचा, अठरा वळणांचा आणि शहराच्या नित्याच्या रस्त्यांवर आखलेला. फॉर्म्युला ई च्या मोटारी त्यावर पूर्वी कधीच धावल्या नव्हत्या. मग चालकांना तो मार्ग परिचयाचा झाला कसा? उत्तर असे, की अशा शर्यतीचे संघ नव्या मार्गाचा सराव आधी बंद खोलीत करतात. ज्यास इंग्रजीत सिम्युलेटर म्हणतात, त्या अनुकरणयंत्रात चालक बसतो. समोर पडद्यावर रस्ता धावू लागतो. हातात स्टिअरिंग आणि पायाखाली ब्रेक खऱ्यासारखेच असतात.

या यंत्राचा उगम मात्र शर्यतीत नाही, विमानविद्येत आहे. 1910 च्या सुमारास फ्रान्समध्ये आंत्वानेत विमानांच्या शिक्षणासाठी एक चमत्कारिक साधन वापरीत असत. अर्धे कापलेले पिंप एकावर एक बसवून त्यात शिकाऊ वैमानिकास बसवावयाचे, बाहेरून माणसांनी ते हलवावयाचे, आणि आतल्याने चाके फिरवून तोल सावरावयाचा, एवढाच तो खटाटोप होता. पुढे अमेरिकेत एडविन लिंक या तरुणाने हे काम यंत्राकडे सोपविले. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनविण्याचा कारखाना होता. वाद्यात हवा भरणाऱ्या भात्यांचाच उपयोग करून त्याने 1929 साली जमिनीवर डुलणारे, वळणारे एक छोटे विमान तयार केले. वैमानिकी शिकविणाऱ्यांनी त्याकडे प्रथम दुर्लक्ष केले. ते विकले गेले ते जत्रेतील करमणुकीच्या बागांना.

त्याचे महत्त्व पटावयास मात्र प्राणांचे मोल द्यावे लागले. 1934 साली अमेरिकन सरकारने टपाल नेण्याचे काम अकस्मात लष्करी वैमानिकांवर सोपविले. धुक्यात आणि हिमवादळात केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे शिक्षण त्यांना पुरेसे मिळालेले नव्हते, आणि थोड्याच आठवड्यांत डझनभर वैमानिक मृत्यू पावले. त्याच वर्षी लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या लाखो वैमानिकांनी त्यांवर धडे गिरविले.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. लिंकच्या यंत्रातून उठलेला शिकाऊ थेट लढाऊ विमानात बसत नसे. आदिलाबाद ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच्या राजधानीतील बेगमपेट विमानतळावर महायुद्धाच्या काळात वैमानिकांना प्राथमिक शिक्षण देणारी शाळा होती. अशा शाळांत टायगर मॉथ हे दोन आसनांचे साधे विमान असे. एका आसनावर शिकाऊ, दुसऱ्यावर शिक्षक. शिक्षकाची खात्री पटल्यावरच शिकाऊ एकटा आकाशात जाई. जमिनीवरची नकल आणि एकट्याचे उड्डाण यांच्यामध्ये शिक्षकासोबतचे खरे उड्डाण ही एक पायरी होती. ती कोणी गाळली नाही.

मोटारींच्या शर्यतीत अनुकरणयंत्राचे युग फार उशिरा आले. फॉर्म्युला वनमध्ये 2009 पासून हंगामाच्या मध्यावर खऱ्या मोटारींनी सराव करण्यावर कडक बंधने आली, आणि संघांचे लक्ष या यंत्रांकडे अधिकच वळले. त्याच सुमारास एक धाडसी प्रयोग सुरू झाला होता. निस्सान ही मोटारींची कंपनी आणि सोनी ही खेळयंत्रांची कंपनी यांनी 2008 साली जी. टी. अकॅडमी नावाची स्पर्धा काढली. घरी बसून पडद्यावर शर्यत खेळणाऱ्यांतून खरा चालक निघतो काय, हे त्यांना पाहावयाचे होते. पहिल्या वर्षीचा विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येस 2011 साली ल मॉं येथील चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसरा आला. 2011 ची स्पर्धा सुमारे 90,000 खेळाडूंतून यान मार्डनबरो या वेल्समधील तरुणाने जिंकली. 2013 साली तोही ल मॉं येथे आपल्या वर्गात तिसऱ्या क्रमांकावर होता. 2014 साली ही स्पर्धा भारतातही भरली.

म्हणजे प्रश्न सुटला असे वाटेल. परंतु या तरुणांचा मार्ग नीट पाहिला, तर तेथेही तीच मधली पायरी दिसते. स्पर्धा जिंकल्यावर त्यांना खऱ्या मोटारीत अनुभवी चालकांच्या हाताखाली शिकावे लागले आणि लहान शर्यतींत उतरून परवाना मिळवावा लागला. पडद्याने त्यांना वळणाची रेषा, ब्रेक दाबण्याची नेमकी जागा आणि हातापायांचा मेळ शिकविला. जे पडदा शिकवू शकत नव्हता, ते रस्त्याने शिकविले.

पडदा काय शिकवू शकत नाही? वेगवान मोटार ब्रेक लावते तेव्हा चालकाच्या मानेवर आणि छातीवर त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार पडतो. यंत्र आसन कलवून त्याचा भास निर्माण करते, पण तो भार टिकवून धरू शकत नाही. चाके घसरू लागली हे अनुभवी चालकास डोळ्यांच्या आधी पाठीस कळते. पडद्यासमोर ते बहुतांशी डोळ्यांनीच ओळखावे लागते. आणि सर्वांत मोठी उणीव ही, की यंत्रात चुकीची किंमत नसते. तेथे मोटार आदळली तर एक कळ दाबून पुन्हा आरंभ करता येतो.

हैदराबादेतच याचा दाखला मिळाला. शर्यत फ्रान्सच्या ज्यॉं-एरिक व्हेर्न्यने जिंकली. पण जॅग्वार संघाच्या दोन्ही मोटारी एका अरुंद वळणावर परस्परांवर आदळून शर्यतीबाहेर गेल्या. सराव दोघांचाही होता. प्रत्यक्ष गर्दीत, क्षणाच्या निर्णयात, तो पुरला नाही. याहून दुःखद प्रसंग मार्च 2015 मध्ये जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग येथे घडला. फ्लुगप्लात्स, म्हणजे विमानतळ, असे नाव असलेल्या उंचवट्यावर मार्डनबरोची मोटार हवेत उचलली गेली, कुंपणापलीकडे पडली, आणि एका प्रेक्षकाचा प्राण गेला. त्यात कौशल्याची उणीव होती असे म्हणता येणार नाही. त्या घटनेनंतर मार्गाच्या त्या भागावर वेगमर्यादाच घालण्यात आली. मोटार कोणाच्याही हातात असो, खऱ्या मार्गावर दुसऱ्याचे प्राण पणाला लागलेले असतात, एवढे मात्र त्यातून दिसले. पडद्यावरचा प्रेक्षक चित्रातला असतो. रस्त्याकडेचा माणूस घरी परतावयाचा असतो.

आदिलाबाद जिल्ह्यातून शर्यतीचा मार्ग जात नाही, राष्ट्रीय महामार्ग 44 जातो. कापसाच्या हंगामात त्यावर भरलेली वाहने असतात, साधी खेडी रस्त्याच्या दोहों अंगांस असतात, आणि तेलंगणातील सर्वांत कडक थंडीच्या या मुलखात हिवाळ्याच्या पहाटे धुके उतरते. भारतात 2022 या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्यू पावली. केंद्र सरकारने 1 जुलै 2021 पासून मान्यताप्राप्त वाहनशिक्षण केंद्रांचे नियम अमलात आणले. अशा केंद्रात अनुकरणयंत्र आणि सरावाचा स्वतंत्र मार्ग असलाच पाहिजे. हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम चार आठवड्यांत 29 तासांचा. आणि तो पुरा करणाऱ्यास परवान्यासाठी परिवहन कार्यालयात पुन्हा वाहन चालवून दाखविण्याची आवश्यकता नाही. त्या 29 तासांपैकी 21 तास प्रत्यक्ष सरावाचे आहेत.

हा नियम चांगला आहे, पण त्याचे यश त्या 21 तासांच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहील. यंत्राने भीती मोडते, हातास वळण लागते, धुक्याची आणि रात्रीची तोंडओळख होते. एवढे फळ थोडे नव्हे. 1934 च्या वैमानिकांना तेवढे मिळते तर कित्येक वाचते. परंतु यंत्रावरचा तास रस्त्यावरच्या तासाच्या जागी मोजला गेला, शेजारच्या आसनावरील शिक्षक नाहीसा झाला, तर परवाना हाती येईल, चालक तयार होणार नाही. शंभर वर्षांहून अधिक काळाचा हा इतिहास नकलेस नावे ठेवीत नाही. लाकडी बैल आणि औत यांच्यामध्ये बापाने मुलाचा हात धरून काढलेले दोन तास असतात, तेवढे गाळू नयेत, इतकेच तो सांगतो.