पोलिओने जन्माला घातलेला पेशा

आपल्या आयटीवाल्यांची आणि फिजिओथेरपिस्टची ओळख बहुतेक वेळा मानेमुळे होते. दिवसभर मॉनिटरसमोर बसायचं, मान धरली की दहा सिटिंग घ्यायची. पण हा पेशा आपल्याकडे आला तो मानांसाठी नाही, लहान मुलांच्या पायांसाठी!

गोष्ट मुंबईची. फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. तिच्यासाठी उपचार शोधता शोधता बाईंनी १९४७ मध्ये चौपाटीला अशा मुलांसाठी छोटंसं क्लिनिक सुरू केलं. त्या कामातूनच पुढे हाजीअलीचं मुलांचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल उभं राहिलं.

तेव्हा पोलिओवर लस नव्हती. औषध तर आजही नाही. विषाणूने मारलेल्या मज्जापेशी परत येत नाहीत. मग उरलेले स्नायू कामाला लावायचे, सांधे आखडू द्यायचे नाहीत, कॅलिपर घालून चालायला शिकवायचं. आणि हे सगळं रोज, महिनोन्‌महिने. सर्जनला एवढा वेळ कुठला? त्यासाठी वेगळा शिकलेला माणूसच हवा. म्हणून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईत केईएमला फिजिओथेरपीची शाळा निघाली. १९५५ मध्ये इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स ही संघटनाही झाली.

पण देशपातळीवरचा कायदा यायला २०२१ साल उजाडलं. तोवर कोर्स केलेला आणि बोर्ड लावून मालिश करणारा, यातला फरक लोकांना कळायचा कसा? सप्टेंबर २०२५ मध्ये तर 'फिजिओथेरपिस्टनी नावामागे डॉक्टर लावू नये' असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र निघालं आणि लगेच मागेही घेतलं गेलं.

आता आमच्या यवतमाळकडे या. ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यात बारा मुलांना पोलिओच्या डोसऐवजी चक्क सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं सुदैवाने वाचली. बातमी देशभर गाजली. गंमत बघा, भारतातला वाइल्ड (नैसर्गिक) पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ चा, तरी डोस पाजायला खेड्यापर्यंत माणूस पोचतो. लकवा मारलेल्या म्हाताऱ्याला उभं करायला मात्र पोचत नाही.

आमच्या गावात एका काकांना लकवा मारला. दवाखान्यातून सुट्टी देताना सांगितलं, "व्यायाम करत राहा." कोणता, किती, कसा? दाखवणारं कोणी नाही. तालुक्याला रोज जायचं तर एसटीचं भाडं, आणि सोबत जाणाऱ्या पोराची मजुरी बुडणार. चार दिवस गेले, मग बंद. हात आखडला तो आखडलाच. शस्त्रक्रिया एकदा होते, फिजिओथेरपी रोज लागते. म्हणून इथे अंतर हाच खरा आजार आहे. दिवसभर वाकून कपाशी वेचणाऱ्या बायकांची कंबर तर दुखणं म्हणून मोजलीच जात नाही.

नावामागे डॉक्टर लागावं की नाही, हा वाद महत्त्वाचा आहेच. ज्याने त्याने आपल्या पेशाच्या मानासाठी भांडावं. पण सत्तर वर्षांपूर्वी हा पेशा मोठा झाला तो ज्यांना कोणी विचारत नव्हतं त्यांच्याकडे गेल्यामुळे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोन दिवस जरी फिजिओथेरपिस्ट बसला, आणि घरच्या एका माणसाला व्यायाम नीट शिकवून पाठवलं, तर कितीतरी हात आखडायचे वाचतील. मान आपोआप मिळेल.

तुम्हाला काय वाटतं?