मालक नसलेला बोगदा

१३ एप्रिल १९९२, सोमवार. अमेरिकेतील शिकागो शहराच्या मध्यवस्तीत पहाटेपासून एकामागून एक इमारतींच्या तळघरांत पाणी शिरू लागले. रस्ते कोरडे होते, मग पाणी येते कोठून हे कोणाला कळेना. काही तळघरांतल्या पाण्यात मासे दिसले, तेव्हा हे नदीचे पाणी आहे हे ध्यानात आले. त्याच सुमारास एका रेडिओ वार्ताहराला किन्झी स्ट्रीटवरील पुलाजवळ नदीत भोवरा दिसला. भरलेल्या टाकीचे बूच काढल्यावर पाणी जसे गरगरत खाली जाते, तशी शिकागो नदी खाली जात होती.

ती जात होती कोठे? त्यासाठी जवळजवळ शंभर वर्षे मागे जावे लागेल.

१८९९ साली एका टेलिफोन कंपनीने तारा नेण्यासाठी म्हणून रस्त्यांखाली भुयारे खोदायला सुरुवात केली. कंपनीच्या मनात आणखीही काही होते. शिकागोच्या मऊ निळसर चिकणमातीत सुमारे ४० फूट खोलीवर खोदलेली ही भुयारे बहुतेक ठिकाणी ६ फूट रुंद आणि साडेसात फूट उंच होती. तारांना एवढी जागा कशाला लागते? थोड्याच वर्षांत त्यांतून २ फूट रुंदीच्या रुळांवर विजेची छोटी मालगाडी धावू लागली. वरच्या गर्दीला धक्का न लावता ती इमारतींच्या तळघरांत कोळसा पोचवी आणि परत येताना राख घेऊन येई. भुयारांची लांबी वाढत वाढत ६० मैलांच्या आसपास गेली. काही भुयारे नदीच्या तळाखालून जात. पुढे मालवाहू मोटारी आल्या, कोळशाची गरज सरली आणि १९५९ साली ही रेल्वे बंद पडली. भुयारे मात्र राहिली. ती पालिकेकडे आली आणि त्यांतून वीज व दूरसंचाराच्या तारा जाऊ लागल्या.

गाडी धावत होती तोवर रोज कोणी ना कोणी त्या भिंतींजवळून जात असे. गाडी थांबली आणि ती नजरही गेली.

सप्टेंबर १९९१ मध्ये नदीवरील पुलांच्या खांबांना बोटींचे धक्के लागू नयेत म्हणून भोवती रोवलेले जुने लाकडी खुंट बदलण्याचे काम पालिकेने एका ठेकेदाराला दिले. किन्झी पुलाशी नवे खुंट जुन्या जागेपासून काही फूट हलवून ठोकले गेले. खुंट भुयारात घुसले नाहीत. पण खुंट आत जाताना चिकणमाती बाजूला सरते, आणि सरकणाऱ्या मातीच्या दाबाने भुयाराची काँक्रीटची भिंत फुटली. चिखल हळूहळू आत येऊ लागला.

जानेवारी १९९२ मध्ये केबल टीव्हीच्या कामगारांनी ही गळती पाहिली आणि तिची चित्रफीतही घेतली. पण सांगायचे कोणाला? योग्य माणसापर्यंत बातमी पोचायला फेब्रुवारीअखेर उजाडली. पालिकेचा निरीक्षक मार्चमध्ये खाली उतरला. त्याने घेतलेली छायाचित्रे धुऊन यायला आठवडा गेला. २ एप्रिलला पुलांच्या मुख्य अभियंत्याने वरिष्ठांना पत्र लिहून दुरुस्ती ताबडतोब करावी असे कळवले. अंदाजे खर्च होता १०,००० डॉलर. दर मागवण्याचे काम चालू असतानाच, अकराव्या दिवशी, भिंत खचली.

सुमारे ९५ कोटी लिटर पाणी आत गेले. शहराच्या मध्यभागाची वीज तोडावी लागली, लाखो माणसांना इमारतींबाहेर काढावे लागले, धान्याचे बाजार बंद पडले. भोकात ट्रकच्या ट्रक दगड टाकले, सिमेंट टाकले, गाद्यासुद्धा टाकल्या. पाणी उपसायला काही आठवडे लागले. नुकसानीचे अंदाज १०० कोटी डॉलरच्या पुढे गेले, म्हणजे दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाच्या एक लाख पट! पुढे नदीखालच्या भुयारांना पाणी अडवणाऱ्या भिंती घालण्यात आल्या. दोष कोणाचा हा वाद १९९५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे प्रश्न असा निघाला की, खुंट ठोकणारा तराफा नदीत तरंगत होता, तेव्हा या खटल्याला समुद्री कायदा लागू होतो का? न्यायालयाने होतो असा निर्णय दिला.

ही गोष्ट सहसा आळशी अधिकाऱ्यांची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला तसे वाटत नाही. सरकारी कामाचे दर मागवायला अकरा दिवस म्हणजे फार नव्हेत, हे शाळेच्या छपराची दुरुस्ती मंजूर करून घेतलेला कोणताही मुख्याध्यापक सांगेल. खरा घोळ आधीचा आहे. खुंटांची जागा ठरवणारे आणि भुयारे माहीत असणारे एका कागदावर पाहत नव्हते. जानेवारीत ज्यांनी गळती पाहिली, त्यांना मालक सापडत नव्हता. शहराला माहिती होती, पण ती एका जागी नव्हती.

नोंदी एकत्र जुळवून पाहण्याची गरज काही संगणकाच्या काळातली नाही. इ.स. ९७ मध्ये सम्राट नेर्वाने फ्राँटिनस या अनुभवी अधिकाऱ्याला रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमले. शहराला नऊ जलसेतू पाणी देत आणि त्यांच्या देखभालीला ७०० माणसे होती. हाताखालच्या लोकांच्या सांगण्यावरच चालावे लागणे प्रमुखाला कमीपणाचे आहे, असे मानून फ्राँटिनसने सगळे स्वतः तपासले. राजदप्तरात जमा दाखवलेले पाणी १२,७५५ क्विनारिया (हे तेथल्या नळाच्या तोंडाचे माप) होते आणि वाटप होते १४,०१८. जमेपेक्षा खर्च जास्त! मग त्याने उगमापाशी मोजणी केली, तर प्रत्यक्ष येणारे पाणी दप्तरातल्या जमेहून जवळजवळ १०,००० क्विनारियांनी अधिक निघाले. मधले पाणी चोरवाटांनी जात होते. त्याने जलसेतूंचे नकाशेही करवून घेतले, कारण कोणती कमान दरीवरून जाते आणि कोठे सतत डागडुजी लागते हे बसल्या जागी दिसावे.

त्यानंतरच्या काळात शहरांच्या नळांची, गटारांची आणि रस्त्यांची खाती वेगळी झाली आणि वह्याही वेगळ्या झाल्या. पैशाच्या हिशेबात तर या वस्तू जवळजवळ नव्हत्याच. अमेरिकेत १९९९ मध्ये नवा लेखामानक आला, तेव्हा शहरांना आपले रस्ते, पूल व गटारे मालमत्ता म्हणून ताळेबंदात दाखवणे भाग पडले. आपल्याकडे राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिका २००४ मध्ये आली. किंमत लावायची तर आधी मोजणी हवी, आणि मोजणी करायची तर यादी हवी. ही यादी नकाशाला जोडलेल्या संगणकप्रणालीत ठेवण्याची निकड त्यातूनही वाढली.

अशा प्रणालीत प्रत्येक वस्तूला, मग तो पूल असो की झडप, न बदलणारा क्रमांक असतो. त्याच्यासमोर स्थान, वय, अवस्था, झालेल्या दुरुस्त्या आणि जबाबदार खाते लिहिलेले असते. नव्या भांडवली कामांची नोंदही त्याच नकाशावर होते. प्रत्येक काम म्हणजे जमिनीवरचा एक आकार आणि कॅलेंडरवरचा एक कालखंड. गणिताच्या शिक्षकांना हे ओळखीचे वाटेल. जमिनीवरच्या दोन आकारांचा छेद रिक्त नसेल, आणि कालखंड एकमेकांत शिरत असतील किंवा लागोपाठ येत असतील, तर संगणक दोन्ही खात्यांना इशारा देतो. मार्चमध्ये डांबरीकरण आणि मे महिन्यात त्याच रस्त्यावर जलवाहिनीसाठी चर, हे दृश्य आपल्या वाचकांना वर्णन करून सांगायला नको. भारतात २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे ॲप सुरू झाले. खोदणाऱ्याने आधी कळवायचे आणि जमिनीखाली ज्यांच्या तारा वा नळ आहेत त्यांना सूचना जायची, अशी त्याची योजना आहे.

किन्झी पुलाशी असा इशारा मिळाला असता का? खुंटांभोवती काही मीटरचे सुरक्षावर्तुळ आखले असते, तर भुयाराची रेषा त्यात आली असती. अट एवढीच, की भुयार त्या नकाशावर हवे, आणि खोलीसह हवे. जुन्या नकाशांत खोली बहुधा नसते. अंतरे रस्त्याच्या कडेपासून मोजलेली असतात, आणि रस्ता रुंद झाला की कडच सरकते. शिवाय रात्री फुटलेला नळ जोडणाऱ्या तुकडीने झडप दोन मीटर हलवली आणि घरी जाऊन ती झोपली, तर प्रणालीत झडप जुन्याच जागी राहते. गॅसवाहिन्यांचे बारीक नकाशे सर्वांना खुले ठेवावेत का, हा निराळाच प्रश्न आहे.

आठवी-नववीच्या मुलांकडून शाळेची अशी नोंदवही करून घेता येईल. टाकीपासून नळांपर्यंतचा नकाशा काढायचा, प्रत्येक नळाला व झडपेला क्रमांक द्यायचा. रकाने पाच: क्रमांक, जागा, केव्हा बसवले, शेवटची दुरुस्ती केव्हा, बिघडल्यास कोणाला सांगायचे. पहिले दोन रकाने एका तासात भरतील. तिसऱ्या-चौथ्यासाठी जुनी बिले काढावी लागतील. पाचव्यासाठी मुलांना शिपाईकाकांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना विचारत फिरावे लागेल. एखाद्या झडपेसमोर तो रिकामा राहिला, तर तसाच ठेवून वही पुढच्या शिक्षक-पालक सभेत मांडावी.